संग्रहालयातलं व्याख्यान आणि आपल्या गावाची खाडी



मुंबईतल्या संग्रहालयांत आणि निसर्गसंस्थांत समुद्रकिनाऱ्याचा इतिहास आणि समुद्रातले जीव या विषयांवर सर्वांसाठी खुली व्याख्यानं होत असतात. त्याची सूचना कधी वर्तमानपत्रात, कधी व्हॉट्सॲपवर आपल्यापर्यंत येते. आपण ती वाचतो आणि पुढे सरकतो. मनात येतं, हे मुंबईवाल्यांसाठी आहे. आमची शाळा भिवंडीत, मुलं गोदामांच्या रस्त्याने शाळेत येणारी. समुद्राशी आमचा काय संबंध?

संबंध आहे, आणि फार जवळचा आहे. तो मुलांपर्यंत कसा पोचवायचा, व्याख्यानाचा उपयोग वर्गातल्या पाठासाठी कसा करायचा, हे या लेखात मांडते आहे. मी पूर्णा परिसरातली प्राथमिक शिक्षिका आहे, त्यामुळे उदाहरणं इथलीच देते. तुमचं गाव वेगळं असेल तर गावाची नावं बदला, पद्धत तीच चालेल.

समुद्र कुठे आहे?

पाठाची सुरुवात या एका प्रश्नाने करा. फळ्यावर काही लिहू नका, नकाशा लावू नका. नुसतं विचारा, "समुद्र कुठे आहे?" आमच्याकडे उत्तरं येतात ती अशी: जुहूला, अलिबागला, गोव्याला, टीव्हीत. कशेळीच्या पुलावरून ही मुलं दर महिन्याला ठाण्याला जातात, पण पुलाखालचं पाणी समुद्राचं आहे असं क्वचितच कोणी म्हणतं. बहुतेकांसाठी ती "गटाराची खाडी" असते.

मग दुसरा प्रश्न विचारा, "पुलाखालचं पाणी सकाळी आणि संध्याकाळी सारखंच असतं का?" इथे मात्र एक-दोन हात वर येतात. हे हात बहुधा खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांतल्या मुलांचे असतात. "नाही बाई, कधी भरतं, कधी चिखल उघडा पडतो." बस, पाठ इथून सुरू झाला.

आता नकाशा काढा. उल्हास नदी सह्याद्रीतून निघते, कल्याणवरून येते, भिवंडी आणि ठाणे यांच्या मधून वाहते आणि घोडबंदरवरून वसईला समुद्राला मिळते. ठाण्याजवळ तिचा एक अरुंद फाटा दक्षिणेला वळून ठाणे खाडीला जोडला जातो. म्हणजे साष्टी हे बेट आहे ते याच पाण्यामुळे. आपली कामवारी नदीही भिवंडीतून येऊन या खाडीला मिळते. समुद्राची भरती वसईकडून आत शिरते आणि आपल्या गावांच्या कडेपर्यंत येते. मुलांना बोट नकाशावर फिरवून वसईपासून कशेळीपर्यंत आणू द्या. समुद्र जुहूला आहे तसा तो आपल्याकडेही येतो, दिवसातून दोनदा येतो, हे त्यांना स्वतःच्या बोटाने कळतं.

आपण बंदराची माणसं

चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास आहे. मुलांना अफझलखान, शायिस्तेखान, आग्रा हे सगळं पाठ असतं. पण १६५७ साली महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराची सुरुवात या खाडीच्या आधाराने झाली, हे वाक्य आपण शिक्षकच भराभर वाचून टाकतो. इथे थांबायला हवं. मुलांना विचारा, "आरमार उभारायला महाराजांनी कल्याण-भिवंडीच का निवडली असेल?"

उत्तर मुलांकडून काढून घेता येतं. जहाज बांधायला लाकूड हवं, ते जवळच्या जंगलात होतं. कारागीर हवेत, ते इथे होते. पाणी हवं, पण उघड्या समुद्राचं खवळलेलं नको, खाडीचं शांत पाणी हवं. शिवाय शत्रूचं जहाज सहज आत येऊ नये. खाडी या सगळ्याला पुरी पडते. कल्याणला खाडीच्या काठावर दुर्गाडी किल्ला आजही उभा आहे. वर्गातली निम्मी मुलं तो पाहून आलेली असतात, देवीच्या दर्शनाला. किल्ल्यावरून खाली पाणी दिसतं, ते का दिसतं, हा प्रश्न घेऊन पुन्हा जायला सांगा.

यापेक्षाही मागे जाता येतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं एक पुस्तक आहे. समुद्रमार्गाने व्यापार करणाऱ्यांसाठी कोणत्या बंदरात काय मिळतं याची ती माहितीपुस्तिका म्हणा. त्यात सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांचा उल्लेख येतो. कल्याणबद्दल त्यात एक गमतीची गोष्ट आहे. पूर्वी तिथे रीतसर व्यापार चाले, पण पुढे राज्यकर्ता बदलल्यावर तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहारा लावून भडोचला नेली जात, असं तो लेखक सांगतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही बंदरावरून राजांची ओढाताण होती. कान्हेरीच्या लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांचे शिलालेख आहेत, त्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नोंद सापडते. घाटमाथ्यावरचा माल जुन्नरहून नाणेघाट उतरून कल्याणला येई. नाणेघाटात दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं मानतात. ट्रेकला गेलेल्या कुणा पालकाच्या मोबाईलमध्ये त्याचा फोटो नक्की सापडेल, मागून घ्या.

सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचं उत्खनन केलं. त्याच परिसरात सम्राट अशोकाच्या आज्ञालेखाचे तुकडे मिळाले. बोरिवलीजवळ एकसर गावात वीरगळ आहेत. त्यांच्यावर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. ते शिलाहार काळातले मानले जातात. समुद्रावरच्या युद्धाचं इतकं जुनं आणि स्पष्ट चित्र दगडात फार कमी ठिकाणी दिसतं. हे सगळं भिवंडीहून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे.

मग बंदर गेलं कुठे? मुलं हा प्रश्न विचारतातच. खाडीत गाळ साठत गेला. जहाजं मोठी होत गेली, त्यांना खोल पाणी लागू लागलं. इंग्रजांनी मुंबई बंदर वाढवलं. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. जो माल होडीतून जाई तो डब्यातून जाऊ लागला. एका दिवसात काही बंद पडलं नाही, हळूहळू पाण्याकडे पाठ फिरली.

आता वर्गात एक गोष्ट मुद्दाम सांगा. बंदर म्हणजे काय? जिथे वाटा एकत्र येतात, माल उतरतो, साठवला जातो आणि पुढे पाठवला जातो ती जागा. आज पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे, वळ या गावांत काय चालतं? न्हावाशेव्याच्या बंदरात उतरलेला कंटेनर इथल्या गोदामात येतो आणि इथून देशभर जातो. जहाजाच्या जागी ट्रक आला, एवढाच फरक. ज्या मुलाचे वडील गोदामात हमाली करतात, ज्याची आई पॅकिंगला जाते, तो मुलगा दोन हजार वर्षं चालत आलेल्या कामाच्या ओळीत उभा आहे. आमच्या वर्गात उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाडा, सगळीकडची मुलं आहेत. "हा इतिहास तुझा नाही" असं त्यांना वाटू नये, यासाठी ही जोडणी फार उपयोगी पडते. बंदराचं गाव नेहमी बाहेरून आलेल्या माणसांनीच भरलेलं असतं.

समुद्रावरून आलेले शब्द

हा भाषेच्या तासाचा भाग. मुलांना घरातल्या वस्तूंची नावं लिहायला सांगा आणि त्यांतले हे शब्द शोधा: चावी, बादली, इस्त्री, पाव, कोबी, काजू, अननस, घमेलं. हे शब्द पोर्तुगिजांबरोबर समुद्रावरून आले. 'पगार' हाही त्यातलाच. हा शब्द सांगितला की वर्गात हसू येतं, कारण पगार हा मुलांच्या घरात रोजचा विषय आहे. 'गोदाम' या शब्दाचा प्रवासही समुद्री व्यापाराचाच आहे. मलाय भाषेत त्याला 'गुदांग' म्हणतात, आणि हा शब्द दक्षिण भारतातून तिकडे गेला असावा असं मानतात. ज्या शब्दाने आपल्या गावाची आज ओळख आहे तो शब्दच जहाजातून फिरलेला आहे.

खाडीत कोण राहतं?

आता जीवांकडे येऊ. खाडीचं पाणी धड गोडं नाही, धड समुद्राइतकं खारं नाही. पावसाळ्यात गोडं वाढतं, उन्हाळ्यात खारं वाढतं. रोज दोनदा चिखल उघडा पडतो, दोनदा बुडतो. अशा जागी राहायला वेगळी तयारी लागते. मुलांना हाच प्रश्न द्या: "तुला इथे राहायचं असेल तर काय काय लागेल?"

तिवराचं झाड बघा. चिखलात हवा नसते, म्हणून त्याची श्वसनमुळं जमिनीतून पेन्सिलीसारखी वर येतात. पानांवर मिठाचे कण दिसतात, कारण जादा मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि लांब शेंगेसारखं लोंबतं. खाली पडलं की चिखलात रुततं किंवा पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे रुजतं. चिप्पी हे तिसरं झाड. यातली पांढरी चिप्पी २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाली. सामान्यज्ञानाच्या वहीत आंबा, शेकरू, हरियाल, ताम्हण लिहिलेलं असतंच, त्याखाली पांढरी चिप्पी लिहा. आणि २०२३ पासून पापलेट हा राज्यमासा आहे, तोही लिहा.

निवटी हा मासा मुलांना सगळ्यात आवडतो. मासा असून चिखलावर पंखांनी सरपटतो, उड्या मारतो. अंग ओलं असेपर्यंत तो त्वचेतून आणि तोंडातल्या ओलाव्यातून हवा घेऊ शकतो. डोळे डोक्यावर, म्हणजे चहूकडे नजर. शेजारी छोटे खेकडे असतात, त्यांतल्या नराचा एकच नांगा भला मोठा असतो आणि तो हलवून तो मादीला बोलावतो, दुसऱ्या नराला धमकावतो. हे खेकडे चिखल तोंडात घेऊन त्यातलं अन्न खातात आणि उरलेल्या चिखलाच्या गोळ्या बाहेर टाकतात. खाडीच्या काठावर बारीक गोळ्यांची रांगोळी दिसते ती त्यांचीच.

हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ठाणे खाडीत रोहित पक्षी येतात. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन त्यांच्या पिसांत रंग उतरतो. २०१५ साली ठाणे खाडीचा काही भाग रोहित पक्षी अभयारण्य झाला आणि २०२२ साली या खाडीला रामसर स्थळ म्हणून जागतिक महत्त्व मिळालं. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. आपल्याकडून ते मुंबईपेक्षा जवळ आहे. लहान वर्गाची पहिली सहल तिथेच काढावी असं माझं मत आहे.

व्याख्यानाला जाताना

आता मुख्य मुद्दा. फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय १९२२ साली सर्वांसाठी खुलं झालं. तिथे निसर्गविज्ञानाचं दालन आहे, जुनी शिल्पं आणि शिलालेख आहेत. त्याच्या शेजारीच १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं कार्यालय आहे. भायखळ्याला राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, ते १८७२ सालचं. त्याच्या आवारात दगडी हत्ती आहे. तो मुळात घारापुरी बेटावरचा. याच हत्तीमुळे पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, उचलताना तो फुटला. पुढे १९१४ साली त्याचे तुकडे जोडून तो उभा केला. मुलांना ही गोष्ट सांगितली की ती हत्तीवरच्या सांध्यांच्या रेषा शोधत बसतात. संग्रहालय कसं पाहायचं याचा हा पहिला धडा आहे: वस्तू कुठून आली, कशी आली, तिच्यावर काय खुणा आहेत.

मुंबईत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातून ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर माहितीफेऱ्याही निघतात. तेही चालतं-बोलतं व्याख्यानच आहे.

व्याख्यानाला चौथीच्या सगळ्या वर्गाला घेऊन जाणं बहुतेक वेळा जमत नाही आणि जमलं तरी उपयोग होत नाही. व्याख्यान मोठ्यांसाठी असतं, पुष्कळदा इंग्रजीत असतं, तासभर चालतं. म्हणून मी सुचवते ती पद्धत अशी.

पहिलं, शिक्षकाने जावं. एका केंद्रातले दोन-तीन शिक्षक मिळून गेले तर उत्तम. जमल्यास उत्साही पालक आणि पाचवी-सहावीची दोन-चार मुलं बरोबर घ्यावीत.

दुसरं, जाण्याआधी वर्गाकडून प्रश्न घेऊन जावं. प्रत्येक मुलाने एक चिठ्ठी लिहायची. "बोंबलाला काटे मऊ का असतात?" "पूर्वी भिवंडीला जहाज कुठे लागायचं?" "मासे झोपतात का?" यांतले तीन प्रश्न मुलांनीच मतदान करून निवडायचे. व्याख्यान संपल्यावर आपण उभं राहून ते विचारायचे. मराठीत विचारायचे. लाजू नका. मुंबईच्या संग्रहालयात मराठीत प्रश्न विचारणं यात कमीपणा काहीच नाही, आणि किनाऱ्याचं निम्मं ज्ञान मराठी आणि कोळी-आगरी बोलीतच आहे.

तिसरं, ऐकताना वहीत तीन रकाने करावेत: नवीन कळलं ते, आपल्या गावाशी जुळतं ते, आणि शंका आली ते. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. वक्त्याने सांगितलं म्हणून सगळं खरं असं समजू नये. परत येऊन पडताळता येईल ते पडताळावं.

चौथं, परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी वर्गात वीस मिनिटांत सांगावं. मुलांच्या प्रश्नांना काय उत्तर मिळालं ते आधी सांगावं. आपण लिहिलेला प्रश्न मुंबईला जाऊन, मोठ्या सभागृहात विचारला गेला आणि त्याला उत्तर मिळालं, याचा मुलांवर जो परिणाम होतो तो कुठल्याही बक्षिसाने होत नाही.

ज्याला शब्द ठाऊक आहे तो मुलगा

एक अनुभव सांगते. अशा एका व्याख्यानातली चिखलातल्या माशाची माहिती मी वर्गात सांगत होते. मोबाईलवर चित्र दाखवलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा एरवी तोंड उघडत नसे. त्याची आजी मासे विकते. हे तो कुणाला सांगायचा नाही, कारण एकदा डब्याच्या वासावरून मुलं त्याला चिडवली होती. चित्र पाहून तो जागेवरूनच म्हणाला, "बाई, ही त निवटी हाय. आमची आजी पकडाची." मग तो पुढे येऊन सांगायला लागला. बीळ कसं ओळखायचं, हात कसा घालायचा, भरती यायच्या आत का निघायचं. दहा मिनिटं वर्ग गप्प होता. पुढच्या शनिवारी त्याची आजी शाळेत आली. तिने डोल जाळं म्हणजे काय, चिंबोरीचा नर-मादी कसा ओळखायचा, तिसऱ्या आणि कालवं वेगळी कशी, हे सांगितलं. "पूर्वी या खाडीत हातानं मासा मिळायचा, आता पाण्याला वास येतो," हेही सांगितलं.

मुलं घरी जाऊन काय बोलली ठाऊक नाही. पण डब्यावरून चिडवणं थांबलं.

शिक्षकांनो, संग्रहालयातल्या व्याख्यानाचं खरं मोल मला इथे दिसतं. आपल्या वर्गातल्या काही मुलांकडे असं ज्ञान आहे जे पुस्तकात नाही म्हणून ती मुलं त्याला ज्ञान समजतच नाहीत. मोठ्या संग्रहालयात, पडद्यावर, अभ्यासक व्यक्ती तेच बोलते, तेव्हा त्या मुलाला पहिल्यांदा कळतं की माझ्या आजीला जे येतं ते शिकण्यासारखं आहे. हे कळणं उशिरा झालं तर ते मूल खाडी सोडतं, बोली सोडते, आणि मग खाडीकडे लक्ष देणारं गावात कोणी उरत नाही.

भरतीचं गणित

आता गणिताचा तास. किनाऱ्यावरचे लोक भरतीची वेळ घड्याळ न बघता तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणने गुणायचं, आलेली संख्या म्हणजे भरतीची अंदाजे वेळ. अष्टमी असेल तर ८ × ३/४ = ६, म्हणजे साधारण सकाळी आणि संध्याकाळी सहाला भरती. पंचमीला ३ वाजून ४५ मिनिटं. एकादशीला ८ वाजून १५ मिनिटं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याजवळचा आहे, खाडीत आत पाणी पोचायला आणखी वेळ लागतो.

मुलांना दिनदर्शिका द्या, आठवड्याच्या तिथी लिहायला सांगा आणि तक्ता करवून घ्या. अपूर्णांकांचा गुणाकार, मिनिटांत रूपांतर, सगळं आपोआप येतं. मग विचारा, भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, पण आपल्या नियमात ४५ मिनिटंच धरली आहेत. पंधरा दिवसांत किती फरक पडेल? ७५ मिनिटं. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला नियम थोडा चुकणार हे मुलं स्वतः शोधतात. तोंडी चालत आलेला नियम किती उपयोगी आणि कुठे अपुरा, दोन्ही कळतं.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमाराला मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास भरती लहान असते, तिला भांग म्हणतात. पावसाळ्यात उधाणाच्या भरतीच्या वेळीच जोराचा पाऊस झाला तर नदीच्या पाण्याला बाहेर जायला वाट मिळत नाही आणि सखल वस्त्यांत पाणी शिरतं. भिवंडीच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी गुडघाभर पाण्यातून सामान हलवलेलं असतं. इथे तिवरांचा विषय पुन्हा काढा. तिवरं पाण्याचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात. ती तोडून, भराव टाकून जागा केली की पाणी दुसरीकडे जागा शोधतं, आणि ती जागा म्हणजे आपली घरं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभरात कांदळवनं तोडण्यावर आणि त्यांच्याभोवती ५० मीटरच्या आत बांधकामावर बंदी घालणारा निकाल दिला आहे. पाचवीच्या पुढच्या मुलांना हे जरूर सांगावं. कायदा आहे हे ठाऊक असलेला माणूस भराव बघून किमान प्रश्न तरी विचारतो.

पालकांसाठी

काही पालक विचारतात, "बाई, याला परीक्षेत मार्क किती?" हा प्रश्न रास्त आहे. फी, क्लास, भाडं सांभाळून ते मुलाला शिकवत असतात. माझं उत्तर असं की परिसर अभ्यास, मराठी, गणित या तिन्ही विषयांतल्या अध्ययन निष्पत्ती यात येतात. निरीक्षण नोंदवणं, माहिती विचारून मिळवणं, अपूर्णांक वापरणं, स्वतःच्या शब्दांत लिहिणं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेतही मूल विचार करतं की पाठ केलेलं आठवतं, यावरच शेवटी फरक पडतो.

पालकांनी फक्त तीन गोष्टी कराव्यात. पुलावरून जाताना मुलाला विचारावं, "आज भरती आहे की ओहोटी?" बाजारात मासे घेताना त्यांची नावं मुलाला सांगावीत, मासे खात नसाल तरी. आणि १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद का असते ते सांगावं: हा माशांच्या पैदाशीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ का देतात, याचं उत्तर या बंदीशी जोडलं की सण आणि विज्ञान दोन्ही मुलाच्या लक्षात राहतात.

काळजी घ्यायच्या गोष्टी

मुलांना खाडीच्या चिखलात उतरवू नका. चिखल खोल असतो, काचा आणि कचरा असतो, पाणी स्वच्छ नसतं. निरीक्षण पक्क्या काठावरून किंवा घाटावरून करा, बरोबर जाणती स्थानिक व्यक्ती ठेवा, ओहोटीची वेळ आधी काढा. सहलीसाठी मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांचं संमतीपत्र घ्या. संग्रहालयाचा सुट्टीचा वार आणि शालेय गटांची सवलत आधी फोन करून विचारा. प्रवासखर्च परवडत नसेल तर छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाची 'म्युझियम ऑन व्हील्स' ही फिरती बस शाळांकडे येते, तिच्याबद्दल केंद्रप्रमुखांमार्फत चौकशी करता येईल. आणि जाणं जमलंच नाही तर गावातच व्याख्यान ठेवा. एक सतरंजी, एक जुनी होडी चालवणारा माणूस, एक मासे विकणारी आजी, आणि प्रश्नांच्या चिठ्ठ्या. संग्रहालय तिथेच तयार होतं.

मुलांसाठी कृतिपत्रिका

१. तुमच्या घरापासून खाडी कोणत्या दिशेला आहे? तिथपर्यंतचा नकाशा काढा.
२. या आठवड्यातल्या तिथी लिहा व भरतीच्या वेळा काढा. एक दिवस प्रत्यक्ष पाहून ताडा.
३. घरातल्या मोठ्या माणसांना विचारून खाडीतल्या पाच जीवांची नावं तुमच्या बोलीत लिहा. वर्गातल्या दुसऱ्या बोलींतली नावंही मिळवा.
४. समुद्रावरून आलेले पाच शब्द वापरून एक गोष्ट लिहा.
५. तुमच्या ओळखीच्या गोदामात कुठून माल येतो आणि कुठे जातो? बाणांनी दाखवा.
६. आजी-आजोबांना विचारा: तुमच्या लहानपणी खाडी कशी होती? त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा.

सहाव्या प्रश्नाची उत्तरं जपून ठेवा. वर्षाअखेरीला ती एका फाइलमध्ये लावा, वर मुलाचं नाव आणि तारीख घाला. आपल्या खाडीबद्दल असं लिहून ठेवलेलं फार थोडं आहे. जे सांगू शकतात ती माणसं आज आपल्यात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखं आहे.